सफरचंदाच्या लाकडांची थप्पी

गिऱ्हाईक वखारीच्या फाटकात आलं की वखारवाला "किती पाहिजे?" असं कधी विचारायचा नाही. तो विचारायचा, "घरात कोण कोण आहे?"

नवीन माणूस बावचळायचा. लाकडं न्यायला आलोय, सोयरीक जमवायला नाही, असा चेहरा करायचा. पण हा आपला कुऱ्हाडीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उत्तराची वाट बघत उभा. मग ते गिऱ्हाईक मुकाट सांगायचं, की बायको आहे, दोन पोरं आहेत, सासरे आहेत, अंथरुणाला खिळलेत.

"सासरे कुठल्या खोलीत?"

"मागच्या."

"मग बाभूळ न्या. चीड नेऊ नका. मी दिली तरी नेऊ नका."

चिडीवर, त्या राळेच्या पाइन लाकडावर, त्याचा विशेष राग. चीड म्हणजे उतावळा जावई, म्हणायचा. आला, भडकला, तासाभरात निघून गेला, आणि जाताना धुराड्यात डांबर थापून गेला. निलगिरीची तडतड फार नी काम थोडं, तिच्यावर आंघोळीचं पाणी तापवा, माणसं तापवू नका. तुती ठिणग्या उडवते, तेव्हा रांगतं मूल असेल त्या घरी तुती द्यायची नाही. बाभळीला पेटायला वेळ लागतो, शिव्या घालाव्या लागतात, पण एकदा मनावर घेतलं की सकाळी राखेत बोट खुपसलं तर बोट भाजतं. आणि सफरचंद? सफरचंदाचं नाव काढलं की त्याचा आवाज खाली यायचा. सफरचंदाचं लाकूड नीट वाळलेलं असलं तर धूर जवळजवळ करतच नाही. खोलीत नुसता एक वास येतो, कोणीतरी स्वच्छ अंघोळ करून येऊन बसल्यासारखा. पण ते मिळतं कुणाला? फळ देणारं झाड कोण कशाला तोडेल.

एवढं सांगून झालं की तो दोन फोडी उचलायचा, कानाशी धरायचा आणि एकीवर एक ठोकायचा. वाळलेलं लाकूड टण वाजतं. ओलं थप वाजतं. साल बघून फसायला होतं, टोकाचे तडे बघून फसायला होतं, पण आवाज खोटं बोलत नाही, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. "ऐकलंत? टण!" गिऱ्हाइकाला काही कळलेलं नसायचं, तरी ते मान डोलवायचं. या सवयीपायी त्याचं नाव पडलं ठोक्या. पुढे वय झालं तसा ठोक्याकाका. बायकोही रागावली की म्हणायची, "सगळ्या लाकडांना वाजवून घेतो हा माणूस, मला तेवढं न वाजवताच आणलं."

वखारीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, तेच त्याचं घर. मधल्या भिंतीला लोखंडी शेगडी, तिचं धुराडं पत्र्यातून बाहेर काढलेलं. या शेगडीत काय जळायचं? तर जे गिऱ्हाईक घेत नाही ते. भिजलेली चीड. झाडलेली साल. कुऱ्हाडीला दाद न देणाऱ्या गाठी. रंग दिलेल्या जुन्या खिडक्यांच्या चौकटी, मोडक्या खोक्यांच्या फळ्या. सकाळी राख काढताना बायको त्यातून खिळे वेचून डब्यात टाकायची. असे तीन डबे खिळे जमले होते. चांगलं लाकूड घरात जाळणं म्हणजे हलवायाने स्वतःच पेढे खाण्यातला प्रकार, असं ठोक्याला वाटायचं. तो कंजूष नव्हता. गल्लीतल्या म्हातारीला दोन बाभळीच्या फोडी जास्त टाकायचा. पण आपल्याच घरात कोण कोण आहे, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नाही.

"आमच्याकडे काय," बायको शेजारणींना सांगायची, "जे कोणी घेत नाही ते आमच्याकडे. लाकूड काय नी मी काय."

शेजारणी हसायच्या. ठोक्याही हसायचा. असे बत्तीस हिवाळे गेले.

तेहतिसाव्याच्या आधी पानं गळायला लागली, तेव्हा बायकोला फाटकापर्यंत चालवेना. खोकला जुनाच होता, घरातल्या घड्याळासारखा, त्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं. आता मात्र खोकून झाल्यावर श्वास आत जायला तयार नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"चूल असते का घरात? लाकडाची?"

"वखारच आहे आमची," ठोक्या अभिमानाने म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं नि फोटो खाली ठेवला. म्हणाल्या, फुप्फुसं गेलीत, अर्ध्याहून जास्त. गेलेली परत येत नाहीत. उरलीत तेवढी जपायची. या हिवाळ्यात यांना थंडी लागता कामा नये आणि धूर लागता कामा नये. विडीएवढासुद्धा. हिवाळा निघाला तर पुढचं बघू.

निघाला तर. हा शब्द बायकोने ऐकला. ठोक्याने ऐकला नाही. तो बाईंच्या ओठांकडे बघत होता.

लेक आली. लेक बसने दोन तासांवरच्या शहरात राहायची, एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, पण खोलीत विजेचा हीटर. तिने आल्या आल्या आईची गाठोडी बांधायला घेतली.

"आई माझ्याकडे येतेय. बस्स."

"हीटरपाशी?" ठोक्या म्हणाला. "ती तार लाल होते, तिला ऊब म्हणतात? अगं, पापड होतो माणसाचा."

"पापड झाला तरी चालेल बाबा, धुरावलेला बोंबील नको. तुम्ही बत्तीस वर्षं धुरी दिलीत तिला."

ठोक्याला बोंबील ऐकू आला नसावा, पण लेकीचा चेहरा दिसला. तो उठला, मागच्या अंगणात गेला आणि एक फोड घेऊन आला. लालसर, गुळगुळीत, हातात मावणारी.

"सफरचंद," तो म्हणाला. "गावाबाहेरची बाग रस्त्यासाठी तोडली ना, तिथलं. दोन वर्षं पत्र्याखाली ठेवलंय. कोणाला विकलं नाही. याला धूर नसतो."

लेक काही बोलणार तेवढ्यात आईने खाटेवरून हात वर केला. दोन वाक्यांच्या मधे दम घेत घेत ती म्हणाली, "यांनी सगळ्या गावाला घर बघून लाकूड दिलं. एकदा माझं घर बघून देऊ दे. एक हिवाळा."

"आई, अर्धीसुद्धा फुप्फुसं नाहीत..."

"एक हिवाळा गं."

लेकीने गाठोडी सोडली. पण बापाला दोन्ही खांद्यांना धरून, तोंडासमोर तोंड आणून तिने सांगितलं, "दीड महिन्याने मला सुट्टी आहे, तेव्हा येईन. घरात धूर दिसला, एक रेघ जरी दिसली, तरी त्याच दिवशी घेऊन जाईन. मग 'अगं पण' चालायचं नाही."

"ये की," ठोक्या म्हणाला. "पाव शेकून खाऊ घालतो सफरचंदाच्या जाळावर."

बायकोने राहायचं ठरवलं त्याचं खरं कारण मात्र तिने लेकीलाही सांगितलं नव्हतं. ठोक्याचे कान गेले होते.

ती तीन वर्षांपासून ओळखून होती. वखारीत गिऱ्हाईक बोलायला लागलं की ती आतल्या दारात स्टूल टाकून बसायची आणि मोठ्याने पुन्हा म्हणायची, "अहो, ते बाभूळ म्हणतायत! अहो, उद्या सकाळी पाहिजे म्हणतायत!" ठोक्या वैतागायचा. बाईमाणसाने धंद्यात तोंड घालायचं कारण काय? गिऱ्हाईक गालात हसायचं. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी ठोक्याची तक्रार होती. जग गुळमुळीत झालंय, पूर्वीसारखं खणखणीत कोणी बोलत नाही. आता तिचा दमच संपला. एकाला ऐकू येईना आणि दुसरीला बोलवेना. तरी ती स्टुलावर बसायची नि निदान हातवारे करायची. ती लेकीकडे गेली असती तर वखार आठवड्यात बंद पडली असती. आणि ठोक्याला वखारीतून काढलं तर मागे काय उरतं, हे तिला ठाऊक होतं.

त्याला स्वतःला कळत नव्हतं का? कळत असेल. पण टण त्याला अजून ऐकू येत होता. लाकडावर लाकूड आपटलं की मनगटाला हिसका बसायचा, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने डोक्यात टण वाजायचा. लाकूड कुठलंही असो.

पहिला बोभाटा बेकरीवाल्याने केला. तो नेहमीचा, भट्टीला बाभूळ नेणारा, तोंडाचा पट्टा सैल असलेला माणूस. फाटकातूनच ओरडत आला.

"ठोक्याकाका! गेल्या खेपेचं लाकूड बाहेरून बाभूळ नी आतून विहीर होतं की! पाव भाजायला ठेवले, उकडून निघाले!"

"तुझी भट्टी ओली असेल."

"भट्टी ओली? भट्टीला काय जुलाब लागलेत?"

ठोक्याने रागाने दोन फोडी उचलल्या, कानाशी धरल्या आणि ठोकल्या. "ऐक. टण!"

बेकरीवाल्याचं हसू थांबलं. त्याने ठोक्याकडे बघितलं, मग दारातल्या स्टुलाकडे. "काका, मला तर थप ऐकू आलं."

"तुझ्या कानात मैदा गेलाय. जा, अंघोळ कर."

आतून बायको काहीतरी बोलायला गेली, पण शब्दाच्या आधी खोकला बाहेर पडला. बेकरीवाला डोकं खाजवत गेला.

आता त्या सफरचंदाचं. ठोक्याने बागेतले ओंडके आणले, स्वतः करवतले, स्वतः फोडले, वखारीच्या मागच्या भिंतीला लावून छातीएवढी थप्पी रचली आणि वर पत्रा टाकला. लोक विचारायचे तर "वाळतंय" एवढंच म्हणायचा. पण आदल्या हिवाळ्यातल्या वादळात भिंतीकडचा पत्रा सरकला होता, आणि पुढचा सगळा पावसाळा थप्पीच्या मागच्या अर्ध्या भागावर पागोळी गळत राहिली. समोरून दिसत नव्हतं. ठोक्याला कळलं ते पानगळीत, थप्पी उतरवताना. त्याने सगळं लाकूड अंगणात पसरलं आणि दहा दिवस उन्हं दिली. ऊन कोवळं. वरचं वर वाळलं. तडे तर दोन वर्षांपूर्वीचेच होते. आता पुढचं लाकूड कुठलं नी मागचं कुठलं, हे बघून कोणी सांगू शकलं नसतं. वाजवूनच निवडायला हवं होतं.

चार दिवस तो अंगणात उकिडवा बसून एकेक फोड वाजवत होता. वाजवायची, हातात तोलायची, आणि मग उजवीकडे किंवा डावीकडे. उजवीकडची घराची, डावीकडची विकायची. कान बंद होते, तेव्हा निवाडा हातच करत होता, आणि हाताला आयुष्यभराची शिकवण एकच: चीड हलकी, बाभूळ जड, जे जड ते चांगलं. जी फोड भरीव लागली ती उजवीकडे गेली. जी हलकी लागली ती पोकळ म्हणून डावीकडे गेली. पाणी प्यालेली फोड जड लागते, हे वखारीत कोणालाही सांगता आलं असतं. ठोक्यानेच कितीतरी लोकांना सांगितलं होतं.

बायको गोधडी पांघरून दारात बसली होती. तिला प्रत्येक ठोका ऐकू येत होता. थप. उजवीकडे. थप. उजवीकडे. टण. डावीकडे.

"अहो," ती म्हणाली. "अहो, ते..."

त्याची पाठ होती. तिने शेगडीचा चिमटा उचलला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. त्याची पाठ हलली नाही. तेव्हा ती भिंतीला धरून उठली. दहा पावलं अंगण, मधे दोनदा थांबली. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली तेव्हा सावली बघून त्याने मान वर केली.

असा चेहरा दिसेल असं तिला वाटलं नव्हतं. इतका आनंद त्या तोंडावर तिने लग्नाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"बघ ही," तो म्हणाला आणि उजवीकडची एक फोड तिच्या हातात दिली. "कशी भरीव आहे बघ. तुला वाटलं असेल विकायला ठेवलंय. दोन वर्षं तुझ्यासाठी ठेवलं होतं. खोकल्यासाठी."

बत्तीस वर्षांत त्याने तिच्यासाठी काही ठेवलं होतं असं कधी झालं नव्हतं. झालं असेल तरी तो बोलला नव्हता. फोड तिच्या हातात होती, मेलेल्या मासळीसारखी गार. तिने ती उगाच उलटी करून बघितली.

"चांगली आहे," ती म्हणाली.

आणि हे मात्र त्याने ओठांवरून बरोबर ओळखलं.

थंडी पडली. पहिल्या दिवशी शेगडीत सफरचंद घातलं तेव्हा ठोक्याने हात धुतले होते. लाकूड पेटायला वेळ लागला. मग जाळ धरला, पण फोडींच्या टोकांवर पांढरा फेस यायला लागला आणि सगळी शेगडी सूं सूं करायला लागली. असा आवाज आला की लाकूड बाहेर काढायचं, हे वखारवाल्यांच्या घरात पोरांनाही माहीत असतं. त्याला तो आवाज आला नाही. फेस दिसला, तर तो म्हणाला, "चीक आहे. गोड झाडाचा चीक."

वास मात्र आला. धुराच्या आडून, ओळखीच्या माणसासारखा.

"आला ना वास?"

तिने मान हलवली.

ओल्या लाकडाने धुराड्यात डांबर धरलं. धुराडं ओढेना, तसा धूर शेगडीच्या दारातून माघारी खोलीत यायला लागला. निळसर, पातळ, दिव्याभोवती तरंगणारा. पण ज्या घरात बत्तीस वर्षं धूरच होता, त्या घरात तो दिसायचा कसा? ठोक्याला धूर नसलेली खोली कशी असते हेच ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की आपण चांगलं लाकूड जाळतोय. तो दिवसभर शेगडीसमोर पाटावर बसायचा, फोडी सारख्या करायचा, त्याची पाठ खाटेकडे. मागे बायको टॉवेलचा बोळा तोंडात धरून खोकायची. आवरायचा प्रयत्न करायची, मग आवरेनासं झालं की तसंच. त्याला काहीच ऐकू यायचं नाही.

चार दिवसांनी तो वळून म्हणाला, "खोकला थांबला की गं तुझा!"

तिने टॉवेल उशीखाली सरकवला. मान हलवली.

मग काय, ठोक्या गल्लीभर सांगत सुटला. सफरचंदाने खोकला पळवला. बत्तीस वर्षं डॉक्टरला जमलं नाही ते लाकडाने केलं. लोकांना खोकला फाटकाबाहेर ऐकू येत होता. ते चपापायचे, हो हो म्हणायचे, आणि लवकर निघून जायचे. ठोक्याच्या तोंडावर सांगायचं कोणी? तो इतका खुशीत होता.

दीड महिना पुरा व्हायला आठ दिवस होते, तेव्हाच लेक आली. रजा मागून आली. दुपारची वेळ, बाहेर धुकं. वखारीच्या फाटकाची कडी काढताना तिला खोकला ऐकू आला आणि कडी तिच्या हातून सुटली.

आत बाप शेगडीसमोर बसलेला. सावली बघून वळला नि तोंडभर हसला.

"ये ये! बघ कशी ऊब आहे. आईचा खोकला बंद, पार बंद!"

त्याच्या मागे खाटेवर आई दुमडून पडली होती, गुडघे पोटाशी, ओठ जांभळे, आणि खोकत होती. शेगडी सूं सूं करत होती. लेक आधी आईकडे आणि मग बापाकडे बघत राहिली. तिने खिडकी सताड उघडली, आईला उशीवर उचलून बसवलं. मग बापाच्या मागे जाऊन म्हणाली, "बाबा."

तो फोडी सारख्या करत होता.

"बाबा!"

तिने पाटाशेजारच्या दोन फोडी उचलल्या आणि त्याच्या उजव्या कानाशी ठोकल्या. मग डाव्या कानाशी. त्याने मान वळवली ती खिडकीतून आलेल्या गार वाऱ्याने.

"खिडकी कशाला उघडलीस?"

लेकीने दोन्ही फोडी त्याच्यापुढे धरल्या. त्याला वाटलं ती परीक्षा घेतेय. त्याने त्या कानाशी नेल्या, डोळे मिटले, ठोकल्या. "टण," तो म्हणाला. "खडखडीत."

"थप," लेक म्हणाली. त्याला कळलं नाही. ती त्याच्या तोंडासमोर बसली आणि घसा फोडून ओरडली, "थप वाजलं, बाबा! थप!"

ठोक्या उठला. मग त्यातली एक फोड घेऊन बाहेर गेला, ठोकळ्यावर उभी ठेवली आणि कुऱ्हाडीचा एकच घाव घातला. आतलं अंग उघडं पडलं. काळपट. त्याने ते गालाला लावलं. ही खूण त्याच्या बापाने शिकवलेली, आवाजाच्याही आधीची: वाळलं लाकूड गालाला ऊब देतं, ओलं गाल गार करतं. ते तसंच गालाला धरून तो आत आला.

"तुला ऐकू येत होतं?" त्याने बायकोला विचारलं.

तिने मान हलवली.

"पहिल्या दिवसापासून?"

पुन्हा मान.

"मग बोलली का नाहीस?"

बायकोने तोंड उघडलं, पण आत हवाच नव्हती. तिने नुसता हात पुढे केला, त्याच्या हातातली फोड घेण्यासाठी असावा किंवा हात धरण्यासाठी. तो जागचा हलला नाही.

"तुम्हाला ऐकू आलं असतं?" लेक म्हणाली. आणि हे ती इतकं हळू म्हणाली, की त्याला ऐकू आलं नाही.

शहराकडे न्यायला गाडी बेकरीवाल्याची मिळाली, पावांचे ट्रे काढून मागे गादी टाकली. लेक आईला घेऊन मागे बसली, ठोक्या पुढे. बेकरीवाल्याला रस्ताभर गप्प बसवेना. माणूस वाईट नव्हता, काहीतरी बरं बोलावं असं त्याला वाटलं. त्याने ठोक्याच्या कानाशी तोंड नेऊन गाडीच्या घरघरीवर आवाज चढवला.

"काका, ते हलकं लाकूड दिलंत ना मला, अंगणातल्या डावीकडच्या ढिगातलं! काय लाकूड हो! धुराचं नाव नाही. पाव असे फुलले, की लोक विचारतात वास कसला येतो. असं लाकूड तुम्ही जन्मात दिलं नव्हतंत!"

हे ठोक्याला शब्द न् शब्द ऐकू आलं. त्याने काचेतून बाहेर बघितलं. मागे लेकीने आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत खरोखर धूर नव्हता. तार लाल व्हायची, पंखा गरम हवा सोडायचा, खिडकीची काच स्वच्छ. पण जे जपायचं होतं ते आता उरलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरने लेकीला बाहेर बोलावून तसं सांगितलं. रविवार आला की ठोक्या बसने जायचा नि खाटेशी बसायचा. बायको बोलू शकत नव्हती, बोलली असती तरी त्याला उपयोग नव्हता. तेव्हा तो तिच्या पाठीवर तळहात ठेवून बसायचा. हाताखाली आत काहीतरी बुडबुडायचं, फेस यावा तसं. ते काय आहे हे त्याला विचारावं लागत नव्हतं.

दुसऱ्या रविवारी तिने त्याचा हात पाठीवरून काढून पुढे घेतला, उघडला, आणि त्यावर आपला गाल ठेवला. बराच वेळ. नंतर तिला झोप लागली, तेव्हा तो निघाला.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी तो वखारीत लाकडं फोडत होता. बाभळीचीच, पण आता कोणाला वाजवून दाखवत नव्हता. कोण कोण आहे, हेही विचारत नव्हता. गिऱ्हाईक बोट दाखवायचं, तो द्यायचा. घरातली शेगडी पेटवायचा नाही. सफरचंदाची उजवीकडची थप्पी तशीच अंगणात पडून होती.

बेकरीवाला फाटकातून धावत आला. अंगावर पीठ, हातात फोन. लेकीचा फोन त्याच्याकडे आला होता. ठोक्याकडे करून काय उपयोग. तो धापा टाकत ठोक्यासमोर उभा राहिला, तोंड उघडलं, आणि तसाच थांबला. ठोक्याशी बोलायचं तर ओरडून बोलायला हवं. पलीकडे गल्लीत बायका नळावर उभ्या होत्या, एक माणूस सायकल पुसत होता. जन्मभर ज्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं त्या माणसाला कळेना, की ही गोष्ट गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायची कशी.

त्याने पुढे होऊन ठोक्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

ठोक्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खोकत होती का?"

बेकरीवाल्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते ठोक्याला कळलं नाही, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही.